डॉर्टची परिषद: चर्चा की खटला?

वाटसरू: कोणाचं तारण (पापापासून सुटका) व्हायचं हे देवाने जगाच्या उत्पत्तीआधीच ठरवलं, की माणूस त्याची कृपा नाकारू शकतो? नेदरलँड्समधल्या लायडन विद्यापीठात यावरून दोन प्राध्यापकांत जुंपली: आर्मिनियस म्हणे कृपा नाकारता येते, गोमारुस म्हणे सारं आधीच ठरलंय. आर्मिनियस 1609 मध्ये वारला. पुढच्याच वर्षी त्याच्या अनुयायांनी पाच कलमं मांडली आणि त्यांचा निकाल लावायला 1618 च्या नोव्हेंबरात डॉर्ट (डॉर्ड्रेख्ट) शहरात डच चर्चची परिषद भरली. माझ्या मते तो सरळसरळ खटला होता. या अनुयायांचा म्होरक्या एपिस्कोपियस आणि त्याच्या साथीदारांना आरोपी म्हणून बोलावलं, जानेवारीत अध्यक्ष बोगरमनने हाकलून दिलं, आणि मग त्यांच्या माघारी त्यांच्या लिखाणावरून त्यांच्याविरुद्ध निवाडा केला. त्यांची पाठराखण करणाऱ्या डच मुत्सद्दी ओल्डनबार्नेवेल्टचा मे 1619 मध्ये हेगला शिरच्छेद झाला. वय 71!

जुना करार: ती शिक्षा राजद्रोहाची होती, त्याचा प्रतिस्पर्धी राजपुत्र मॉरिसच्या राजकारणातली. ती परिषदेच्या माथी मारू नका. मूळ मुद्द्यावर या. बायबलमधल्या रोमकरांस पत्राचा नववा अध्याय काढा. याकोब-एसाव हे जुळे भाऊ जन्मलेही नव्हते, बरंवाईट काही केलं नव्हतं, तेव्हाच निवड झाली. तारण माझ्या डळमळीत मनावर सोडलं असतं तर मला एक दिवस शांती लाभली नसती. डॉर्टला निष्ठुर म्हणणाऱ्यांनी तिथल्या निर्णयांच्या पहिल्या प्रकरणातलं 17 वं कलम वाचावं: तान्हं मूल दगावलं तर देवभीरू आईबापांनी त्याच्या तारणाबद्दल शंका बाळगू नये.

वाटसरू: ते कलम मलाही प्रिय आहे. पण ते देवभीरू आईबापांपुरतंच बोलतं. शेजारणीच्या मुलाचं काय? शिवाय आर्मिनियसवाल्यांनी माणसाला मोठं केलं हा आरोप खोटा आहे. त्यांचं तिसरं कलमच सांगतं की पवित्र आत्म्याने नवा जन्म दिल्याशिवाय माणसाच्या हातून काहीही चांगलं होत नाही. भांडण चौथ्या कलमाचं आहे: कृपा झिडकारता येते का? बायबलमधल्याच यहेज्केल 33:11 मध्ये देव शपथेवर सांगतो की दुर्जनाच्या मरणात त्याला संतोष नाही. मग वाचवायची इच्छा नव्हती असं कसं म्हणायचं?

माळरान: अठराव्या शतकातले इंग्रज धर्मोपदेशक वेस्ली आणि व्हाइटफील्ड यावरूनच दुरावले. 1739 मध्ये वेस्लीने पूर्वनियोजनाविरुद्ध (तारण आधीच ठरलेलं असतं या मताविरुद्ध) प्रवचन छापलं, व्हाइटफील्डने जाहीर पत्राने उत्तर दिलं. तरी 1770 मध्ये व्हाइटफील्ड गेल्यावर लंडनमध्ये स्मृतिप्रवचन वेस्लीनेच केलं. डॉर्टला हे साधलं नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

जुना करार: प्रेम राहिलं, प्रश्नही राहिला. दोघांना सारखीच कृपा मिळाली. एकाने घेतली, दुसऱ्याने झिडकारली. फरक कोणी केला? माणसाने, म्हणाल तर स्तुती कोणाची?

वाटसरू: आणि देवाने, म्हणाल तर झिडकारणाऱ्याला दोष कसला?