जेटस्कीच्या इंजिनात ऑइल भरलंय, स्टार्टर फिरत नाही

दांडी_बीच: जुनी सी-डू आहे, रोटॅक्स ७१७, टू-स्ट्रोक. मेअखेर वॉटर स्पोर्ट्स बंद झाल्यावर शेडमध्ये लावलेली, आता बाहेर काढली. बॅटरी नवीन आहे. बटण दाबलं की नुसतं 'ठक्', इंजिन जागचं हलत नाही. प्लग काढला तर आत ऑइलच ऑइल, आणि ठेवताना भरलेली ऑइलची टाकी अर्ध्यावर. शेजारचे म्हणतात चार वेळा सेल मार, सुटेल. मारू का?

पिस्टन_मालवण: दादा, प्लग लावलेले असताना सेल अजिबात मारू नका. ऑइल दाबलं जात नाही, वर येणारा पिस्टन तिथेच अडतो आणि सगळा जोर कनेक्टिंग रॉडवर येतो. रॉड वाकला की इंजिन खोलणं आलंच.

दोन्ही प्लग काढा. वायरींच्या कॅपा इलेक्ट्रिक बॉक्सवरच्या अर्थिंगच्या पिनांवर बसवा, नाहीतर उडणाऱ्या पेट्रोलच्या वाफेवर ठिणगी पडायची. प्लगच्या भोकांवर जाड फडकं टाका, तोंड लांब ठेवा आणि थ्रॉटल पूर्ण दाबून चार-पाच सेकंदच सेल मारा. पहिली पिचकारी थेट छपरापर्यंत जाते. स्टार्टर निवू द्या, मग पुन्हा. क्रँककेसच्या (सिलिंडरखालच्या पेटीच्या) तळाचं ऑइल एका दमात वर येत नाही, मध्ये तासभर तसंच राहू द्या. फडक्यावर नुसता ओलावा दिसायला लागला की नवे प्लग लावा. ते काळे पडून बंद होतील, म्हणून आणखी एक जोडी जवळ ठेवा.

नळीच्या पाण्यावर चालवणार असाल तर आधी इंजिन, मग पाणी. बंद करताना आधी पाणी, मग इंजिन. उलटं केलंत तर एक्झॉस्टमधून पाणी सिलिंडरमध्ये शिरेल. धूर बराच वेळ येईल, त्याला घाबरू नका.

दांडी_बीच: पण ऑइल आत गेलं कुठून?

पिस्टन_मालवण: या इंजिनात रोटरी व्हॉल्व्हचा, म्हणजे पेट्रोल-हवा आत सोडणाऱ्या फिरत्या चकतीचा, शाफ्ट ऑइलमध्ये बुडालेला असतो आणि ते ऑइल टाकीतून आपसूक खाली उतरतं. शाफ्टचे सील म्हातारे झाले की उभ्या गाडीत थेंब-थेंब क्रँककेसमध्ये झिरपत राहतं. खरा इलाज सील बदलणं, त्यासाठी इंजिन उतरवावं लागतं. हा सीझन काढायचा असेल तर गाडी उभी करताना टाकीकडून शाफ्टकडे येणाऱ्या दोन्ही जाड नळ्यांना क्लॅम्प लावा, आणि क्लॅम्प लावलाय तोवर लॅनयार्डची चावी (दोरीवाली, जिच्याशिवाय इंजिन चालू होत नाही ती) त्या क्लॅम्पलाच बांधून ठेवा. क्लॅम्प तसाच राहिला आणि इंजिन चालू केलंत, तर शाफ्टचा पितळी गिअर कोरडा फिरून खलास होतो.

वेंगुर्ला_राइड: आमच्या यामाहा टू-स्ट्रोकला रोटरी व्हॉल्व्ह नाही, तरी असंच झालेलं. ऑइल पंपाकडून कार्बोरेटरला जाणाऱ्या बारीक नळ्यांतले चेक व्हॉल्व्ह (एकाच दिशेने ऑइल सोडणारे) गळत होते. ते बदलले, थांबलं.

दांडी_बीच: आलं एकदाचं बाहेर! रॉड वाचलाय असं वाटतं, हाताने मोकळं फिरतंय. खाली हलमध्ये, म्हणजे गाडीच्या तळाच्या सांगाड्यात, पडलेलं ऑइल कसं काढू?

पिस्टन_मालवण: फडक्याने टिपून डब्यात भरा आणि गॅरेजवाल्याच्या जळक्या ऑइलच्या पिंपात द्या. ड्रेन प्लग खाडीत उघडू नका हो, तिथे आपलेच लोक कालवं काढतात.