डीएक्स-७ साठी लॅपटॉपवरचा एडिटर कोणता घ्यावा?

काळी_चार:
मामाचा यामाहा डीएक्स-७ सिंथेसायझर गेल्या महिन्यात माझ्याकडे आला. १९८३ साली निघालेलं मूळ मॉडेल. मामा ऑर्केस्ट्रात वाजवायचा. त्याने स्वतः बसवलेले सनईचे आणि पेटीचे टोन अजून आत आहेत. दोन ओळींच्या त्या इवल्या पडद्यावर एकेक आकडा बदलत टोन घडवणं मला झेपत नाही. विंडोज लॅपटॉप आहे. एडिटर कोणता घेऊ? विकतचाही चालेल.

कल्हई:
एडिटर नंतर बघू. आधी मामांचे टोन बाहेर काढा, आजच! आतले ३२ टोन एका लिथियम सेलच्या जिवावर टिकून असतात. सेल बोर्डाला डाग देऊन बसवलेला असतो. तो संपला किंवा बदलायला काढला की सगळं पुसलं जातं. फंक्शन दाबून १४ नंबरचं बटण दाबा, व्होल्टेज दिसेल. ३ च्या खाली बरंच उतरलं असेल तर थांबू नका.

मिडी-ऑक्स हे मिडीवरून (वाद्य आणि संगणक जोडायची पद्धत) येणारी माहिती साठवणारं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, ते उतरवून घ्या. कीबोर्डवर फंक्शन, मग ८ नंबर दाबत राहा. ‘सिस इन्फो अनअव्हेल’ दिसलं की यस दाबून ‘अव्हेल’ करा. पुन्हा ८ दाबलं की ‘मिडी ट्रान्समिट?’ असं विचारेल. मिडी-ऑक्सची सिसेक्स (टोनची माहिती नेणारा मिडी संदेश) खिडकी आधी उघडून ठेवा, मगच यस. सव्वा सेकंदाचं काम आहे. फाईल बरोबर ४१०४ बाइटची हवी, एकही कमी नको.

मंद्र_पंचम:
बाइट कमी भरले तर आधी केबलवर संशय घ्या. स्वस्तातल्या यूएसबी-मिडी केबली सूर नीट पाठवतात, पण एवढा लांब सिसेक्स मध्येच तोडतात. माझ्या दोन संध्याकाळी त्यात गेल्या. थोडे जास्त पैसे घालून चांगला इंटरफेस घ्या.

एडिटर म्हणाल तर डेक्स्ड. फुकट आहे आणि तो स्वतःच डीएक्स-७ सारखा वाजतो, त्यामुळे मामांची फाईल कीबोर्डाला हात न लावता ऐकता येईल. सहाही ऑपरेटर (टोन घडवणारे आतले ध्वनी-स्रोत) आणि त्यांचे एन्व्हलप (आवाज कसा चढतो-उतरतो ते) एकाच पडद्यावर दिसतात. मिडी चॅनल १ ठेवा. कीबोर्डावर टोन पाठवताना मात्र डेक्स्डचा आवाज बंद करा, नाहीतर आपण लॅपटॉपच ऐकत बसतो. पुढेमागे दुसऱ्या कंपन्यांचे सिंथ घेणार असाल तर एडिसिनही बघा, तोही फुकट आहे.

काळी_चार:
४१०४! दोनदा काढली, पेन ड्राइव्हवरही ठेवली. आता डेक्स्डमधून टोन पाठवला तर आतला जुना जाईल का?

कल्हई:
एकच टोन पाठवलात तर तो तात्पुरत्या जागेत बसतो; स्टोअर करेपर्यंत जुन्याला धक्का नाही. ३२ चा संच पाठवलात तर मात्र सगळे बदलतात. म्हणून मेमरी प्रोटेक्ट (आतले टोन पुसले जाऊ न देणारं कुलूप) चालूच ठेवा.

काळी_चार:
सनई उघडून पाहिली. मामाने फीडबॅक (ऑपरेटरचा आवाज त्यालाच परत देणं) शेवटपर्यंत, ७ वर नेलाय. पण पट्टी जोरात दाबली की स्वर नुसता मोठा होत नाही, धारदार होतो. हे त्याने कुठे केलं असेल?

मंद्र_पंचम:
मॉड्युलेटरच्या (दुसऱ्या ऑपरेटरचा आवाज बदलणाऱ्या ऑपरेटरच्या) व्हेलॉसिटीत, म्हणजे पट्टीवरच्या जोराला तो किती दाद देतो त्यात बघा. तिथे ० ते ७ आकडे असतात. एकेक शून्यावर आणून वाजवा, धार जाईल तिथे मामांचा हात सापडेल. तो आकडा वहीत लिहून ठेवा आणि पेटीचा टोनही तसाच तपासा.