जुन्या सीडीवरील न वाचता येणाऱ्या फाइली कोणत्या रूपात आहेत, हे कसे ओळखावे?

गिरगावचा_वाचक:
आमच्या चाळीच्या गणेशोत्सव मंडळाने १९९८ ते २००५ या काळात काढलेल्या स्मरणिकांचे साहित्य एका सीडीवर सापडले आणि ते मी संगणकावर उतरवून घेतले. काही फाइलींत लॅटिन अक्षरे आणि चिन्हे यांची निरर्थक सरमिसळ दिसते, परंतु शीर्षके व परिच्छेद यांची मांडणी मात्र लेखासारखीच आहे. काही फाइली ईमेलमधून जतन केलेल्या असून त्यांतील जवळजवळ प्रत्येक ओळ मोठ्या ‘एम’ने सुरू होते. चार-पाच फाइलींच्या नावापुढे एक्स्टेन्शनच नाही. या फाइलींना कोणी पासवर्ड लावला असेल का? लिहिणाऱ्यांपैकी अनेक जण आज हयात नाहीत, त्यामुळे दुसरी प्रत मिळण्याची आशा नाही.

बोरिवली_बाइट:
आपण वर्णन केले आहे त्यावरून हा पासवर्डचा प्रकार वाटत नाही. कूटबद्ध केलेला मजकूर किल्लीशिवाय उघडत नाही. येथे मात्र मजकूर केवळ दुसऱ्या रूपात मांडलेला आहे, आणि ते रूप कोणते हे कळले की तो कोणालाही पूर्ववत करता येतो.

‘एम’ने सुरू होणाऱ्या ओळी ही युयुएन्कोडची खूण आहे. ही पद्धत मेरी अ‍ॅन हॉर्टन यांनी १९८० मध्ये बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात तयार केली. त्या काळच्या ईमेलमधून फक्त साधी अक्षरे सुखरूप जात असत, म्हणून छायाचित्राचे तीन-तीन बाइट (संगणकातील माहितीचे लहान एकक) घेऊन त्यांची चार-चार छापील अक्षरे केली जात. प्रत्येक पूर्ण ओळीत ४५ बाइट असतात आणि ओळीचे पहिले अक्षर ही संख्या सांगते. त्या संख्येत ३२ मिळवले की ७७ येतात आणि आस्कीमध्ये (लॅटिन अक्षरांना क्रमांक देणाऱ्या कोष्टकात) ७७ म्हणजे मोठा ‘एम’. वरती ‘बिगिन’ने सुरू होणारी ओळ शोधा. तिच्यात तीन अंक आणि त्यांच्यापुढे मूळ फाइलीचे नाव असते, तर शेवटी ‘एंड’ असते. या दोन ओळींसह सर्व मजकूर जसाच्या तसा युयुडीकोडला (मूळ फाइल परत करून देणाऱ्या प्रोग्रामला) द्यावा. ओळीच्या शेवटच्या रिकाम्या जागासुद्धा पुसू नयेत, कारण जुन्या पद्धतीत रिकामी जागा हेही एक अक्षरच होते.

एक्स्टेन्शन नसलेल्या फाइलींसाठी आरंभीचे काही बाइट पाहावेत. पीडीएफच्या सुरुवातीला टक्क्याचे चिन्ह आणि ‘पीडीएफ’ ही अक्षरे, झिपच्या सुरुवातीला ‘पीके’ (झिपचे जनक फिल कॅट्झ यांची आद्याक्षरे), तर जेपेगमध्ये ‘एफएफ डी८ एफएफ’ असे बाइट आढळतात. लिनक्स व मॅकवरील ‘फाइल’ ही आज्ञा हेच काम करते.

परळची_अक्षरजुळणी:
मी बरीच वर्षे डीटीपीचे काम केले, त्यामुळे पहिल्या प्रकाराविषयी खात्रीने सांगते. युनिकोड (जगभरच्या लिप्यांतील अक्षरांना ठरावीक क्रमांक देणारी पद्धत) रुळण्यापूर्वी आम्ही ज्या फॉन्टांत मराठी जुळवत असू, त्यांत संगणकाच्या लेखी अक्षरे लॅटिनच असत. त्या-त्या क्रमांकावर फॉन्टमध्ये काना, वेलांटी, अर्धा ‘स’ अशा आकृती काढून ठेवलेल्या असत. फॉन्ट काढून घेतला की खालची लॅटिन अक्षरे उघडी पडतात. प्रत्येक फॉन्टकुळाचे कोष्टक वेगळे असल्याने आधी फॉन्टचे नाव मिळवावे. डॉक फाइल असेल तर मजकूर निवडल्यावर, फॉन्ट संगणकावर नसला तरी, त्याचे नाव बहुधा वर दिसते.

त्या कोष्टकानुसार युनिकोडमध्ये रूपांतर केल्यानंतर मुद्रितशोधन टाळू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे. जुन्या फॉन्टांत ‘कि’ लिहिताना वेलांटी डोळ्यांना दिसते तशी आधी आणि ‘क’ नंतर येई. युनिकोडमध्ये हा क्रम उलटा असतो. रफाराचेही तसेच आहे: ‘सूर्य’मधील रफार आम्ही ‘य’ नंतर टाकत असू, आता ‘र’ आणि हलन्त ‘य’च्या आधी येतात. रूपांतरक जोडाक्षरांपाशी हमखास चुकतो, आणि आडनावे चुकली तर ती दुरुस्त करून देणारे आता कोणी राहिलेले नाही.

गिरगावचा_वाचक:
दोघांचेही मनापासून आभार. ‘बिगिन’ची ओळ सापडली आणि तिच्यातून मिरवणुकीचे एक छायाचित्र सुस्थितीत बाहेर आले. आता २००५ च्या एका ईमेलमध्ये निराळेच काही दिसते: ‘४’ हा अंक आणि मोठी ‘के’, ‘एस’ ही अक्षरे पुन्हा पुन्हा येतात.

बोरिवली_बाइट:
तो बेस-६४ मधील (बाइट साध्या अक्षरांत मांडण्याच्या दुसऱ्या एका पद्धतीतील) मराठी मजकूरच आहे. युटीएफ-८ मध्ये (युनिकोडची अक्षरे बाइटांत साठवण्याच्या पद्धतीत) देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइटांचे असते आणि त्यांतील पहिले दोन ‘ई० ए४’ किंवा ‘ई० ए५’ असतात. बेस-६४ देखील तीन बाइटांची चार अक्षरे करते, म्हणून ‘म’साठी ४, के, एस आणि छोटा ‘यू’ अशी चौकडी मिळते. हलन्तासारख्या चिन्हांत ‘एस’च्या जागी ‘डब्ल्यू’ येतो. शब्दांमधील रिकामी जागा एकाच बाइटाची असल्याने तिथे चौकडी सरकते, त्याने गोंधळू नका.

उलगडल्यावर डोक्यावर तिरकी रेघ असलेला लॅटिन ‘ए’ आणि त्याच्याशेजारी चार कोपऱ्यांत रेघा फुटलेले वर्तुळ सर्वत्र दिसले, तर काहीही हरवलेले नाही; फाइल युटीएफ-८ म्हणून पुन्हा उघडावी. मात्र त्या अवस्थेत काही बदलून ती जतन करू नका. एकदा अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हे जतन झाली की मूळ बाइट परत मिळत नाहीत, म्हणून सर्व प्रयोग प्रतीवरच करा.