‘आधी जीव, मग जेवण’ असं म्हणणाऱ्या डॉक्टरांना

तिसरी_पाळी
काल इथे एका डॉक्टरांनी लिहिलं, की आयसीयूत आलेल्या मुलाची उंची, वजन, दंडघेर घेणं हा ऑडिटपुरता सोपस्कार आहे. आधी जीव वाचवा, जेवणाचं मागाहून बघू. रात्रपाळीत वाचलं आणि सकाळी घरी पोचेपर्यंत डोक्यातून गेलं नाही. चौदा वर्षं मी मुलांच्या आयसीयूत सिस्टर आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

डॉक्टर, वजन न घेता औषध कशावर देता? आई म्हणते ‘दहा किलो असेल’, आपण केसपेपरवर दहा लिहितो. चौथ्या दिवशी काट्यावर घेतलं की मूल साडेसातचं निघतं. मधले तीन दिवस अँटिबायोटिक, झोपेचं औषध, सलाईन, सगळं त्या दहावर चाललेलं असतं. हा काय जेवणाचा प्रश्न झाला?

आणि वजन घेतलं तरी ते फसवतं. शॉकमधल्या मुलाला आपण पाणी चढवतो, दुसऱ्या दिवशी गाल वर येतात, राउंडला कुणीतरी म्हणतं, ‘तब्येत चांगली आहे याची’. दंड मोजून बघा. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाचा दंडघेर ११.५ सेंमीच्या खाली म्हणजे ते मूल सॅममध्ये, अतितीव्र कुपोषित. अंगावर पाणी चढलं तरी दंडघेर काट्यावरच्या वजनाइतका बदलत नाही. टेप लावायला अर्धा मिनिट लागतो. ४८ तासांच्या आत पोषणाची तपासणी करा, असं २०१७ च्या अमेरिकन मार्गदर्शक सूचनाही सांगतात. तुम्ही त्याला सोपस्कार म्हणता, याचा मला राग आला.

पाचवा_मजला
ती पोस्ट माझीच. सिस्टर, मी फॉर्मला सोपस्कार म्हटलं, मोजण्याला नाही. बरं, थोडंफार मोजण्यालाही म्हटलं. रात्री दोनला मूल येतं, नाडी लागत नाही, श्वासाची नळी घालायची असते, तेव्हा मी इन्फंटोमीटर, म्हणजे लांबी मोजायची फळी, शोधू? वजन दाखवणारी खाट आमच्याकडे एकही नाही. व्हेंटिलेटरवरचं मूल काट्यावर न्यायचं म्हणजे चार माणसं लागतात, आणि नळी निसटली तर जबाबदार मी.

दुसरं म्हणजे, लवकर खायला घातलं की मूल लवकर बरं होतं हे कुणी सांगितलं? २०१६ चा पेपॅनिक अभ्यास बघा. बेल्जियम, नेदरलँड्स आणि कॅनडातली १४४० मुलं. शिरेतून पोषण आठवडाभर थांबवलं, त्यांच्यात संसर्ग १०.७ टक्के. लगेच दिलं, त्यांच्यात १८.५. एक आठवडा कमी मिळाल्याने आभाळ कोसळत नाही.

आहार_विभाग
डॉक्टर, अभ्यास पुरता सांगा. तो शिरेतून दिलेल्या पूरक पोषणाचा होता. पोटात जाणाऱ्या नळीने दूध दोन्ही गटांना चालू होतं, जीवनसत्त्वंही दोघांना मिळत होती. ‘उपाशी ठेवलं तरी चालतं’ असा अर्थ त्यातून निघत नाही. आतडं चालत असेल तर पहिल्या २४ ते ४८ तासांत नळीने थोडं थोडं सुरू करायचं आणि प्रथिनं किलोमागे दिवसाला निदान दीड ग्रॅमपर्यंत न्यायची.

विषय निघालाच आहे तर आणखी एक. रक्तातलं अल्ब्युमिन हे प्रथिन कमी आलं की ‘कुपोषण’ लिहायचं आणि नातेवाइकांना त्याची बाटली आणायला पळवायचं, हे बंद करा. संसर्गात आणि सुजेत अल्ब्युमिन उतरतंच, त्यावरून मुलाचं पोषण ठरत नाही. दागिने गहाण ठेवून बाटल्या आणलेले बाप मी पाहिलेत. त्याच वॉर्डात टेप मिळत नाही.

लेकीचा_बाबा
माझी मुलगी डेंगीने अकरा दिवस आत होती. रोज सकाळी ‘आज एनपीओ, तोंडाने काही द्यायचं नाही, स्कॅन आहे’. संध्याकाळी ‘स्कॅन उद्या’. चार दिवस असंच चाललं. मी विचारलं, तर उत्तर मिळालं, ‘सलाईन चालू आहे ना’. नंतर वाचलं, पाच टक्के साखरेच्या सलाईनच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत पंचवीस ग्रॅम साखर असते. साधारण एका केळ्यातून मिळते तेवढीच ताकद. आम्ही मात्र बाटली बघून निश्चिंत बसलो होतो. घरी आली तेव्हा तिला जिना चढता येत नव्हता. मला अभ्यास कळत नाहीत, तिचे पाय आठवतात.

पाचवा_मजला
वाईट वाटलं. स्कॅनच्या तारखांचं तुमचं म्हणणं मान्य. पण सगळं आमच्यावर का? मूल आमच्यापर्यंत येतं तेव्हाच खंगलेलं असतं. महाराष्ट्रात पाच वर्षांखालची २५.६ टक्के मुलं उंचीच्या मानाने लुकडी होती, हे २०१९-२१ च्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणातच आहे. ती कुणाच्या नजरेखालून गेली? अंगणवाडीत वजनं बसल्या जागी भरतात, हे सगळ्यांना माहीत आहे.

मोखाड्याची_सेविका
डॉक्टरसाहेब, बसल्या जागी? माझे दोन पाडे डोंगरापलीकडे आहेत. सॉल्टर काटा खांद्यावर टाकून जाते, झाडाला बांधते, मूल झोळीत घालते. खाली आल्यावर तेच आकडे पोषण ट्रॅकर या सरकारी ॲपमध्ये भरते, रेंज नसली तर रात्री घराच्या छपरावर चढून. १९९२ साली शेजारच्या जव्हार तालुक्यात वावर-वांगणीत कुपोषणाने मुलं गेली, ते आम्ही विसरलो नाही. दंड आम्ही मोजतोच. टेप आम्हाला शिकवू नका.

आता माझं ऐका. दोन वर्षांचं पोर, दंडघेर ११.१, दोन्ही पायांवर बोट दाबलं की खड्डा. पोषण पुनर्वसन केंद्रात न्यायच्या आधीच न्यूमोनिया झाला, म्हणून शहरातल्या मोठ्या रुग्णालयात पाठवलं. आईच्या पदराला चिठ्ठी बांधून दिली, त्यात हे सगळं लिहिलं होतं. चिठ्ठी कुणी उघडली नाही. काट्यावर ८.९ किलो आलं आणि वजन बरं आहे म्हणाले. अहो, ती सूज होती! सलाईन नेहमीच्या वेगाने लावलं, अशा पोराला ते झेपत नाही, दुसऱ्या रात्री त्याला धाप लागली. तिथल्याच एका सिस्टरने पाय दाबून बघितला म्हणून कळलं. एफ-७५, म्हणजे अशा मुलांसाठीचं हलकं दूध, सुरू केलं, तेही दर दोन तासांनी मोजून. पोर वाचलं, पण तीन आठवडे तिथेच काढले.

होय, काही ठिकाणी आकडे सुधारून भरतात. सॅम जास्त दिसली की वरून विचारणा होते, मग ११.४ चं ११.६ होतं. मी नाकारत नाही. पण ती विचारणा कोण करतं तेही लिहा. मानधनावर राबणाऱ्या बाईवर घसरणं सोपं आहे.

पाचवा_मजला
ताई, माझे शब्द जास्त झाले, मागे घेतो. मात्र चिठ्ठी पदराला बांधली तर ती कॅज्युअल्टीत कुणाला दिसणार? १०८ च्या कागदासोबत यायला हवी.

मोखाड्याची_सेविका
१०८ ला दोन तास लागले असते. जीपने पाठवलं. वडापच्या जीपला कुठला आलाय कागद?

तिसरी_पाळी
डॉक्टर, तुम्ही अजून माझ्या मुद्द्यावर आला नाहीत. ताईंच्या त्या पोराला पोटभर दूध दिलं असतं तर?

पाचवा_मजला
खंगलेल्या मुलाला एकदम पोटभर दिलं की रक्तातलं फॉस्फरस, पोटॅशियम कोसळतं. हृदय थांबू शकतं. तेच तर मी सांगतोय, घाई नको.

तिसरी_पाळी
आणि कुणाला घाई नको, हे दंड मोजल्याशिवाय कसं कळणार? फुगलेलं पोर सगळ्यांना धडधाकटच दिसलं होतं.

पाचवा_मजला
ठीक आहे. दंडघेर आणि पाय दाबून बघणं पहिल्या तासात, हे मान्य. उंची आडवी, चादरीवरच टेप धरून, मूल स्थिरावल्यावर. काट्याचं मात्र मी म्हणतो तेच. खाट द्या, मग वजन मागा. एका सिस्टरकडे चार व्हेंटिलेटर असताना रोज वजन घ्या म्हणणाऱ्यांनी एक रात्र येऊन उभं राहावं.

तिसरी_पाळी
त्या चार व्हेंटिलेटरवाल्या सिस्टर आम्हीच आहोत. खाटेसाठीच्या अर्जावर माझीही सही घ्या. टेप आज संध्याकाळी क्रॅश ट्रॉलीच्या, म्हणजे तातडीच्या औषधांच्या गाडीच्या, दांडीला बांधते, कुणी सोडून नेऊ नका. आणि ताई, चिठ्ठीवर दंडघेराखाली तारीख आणि तुमचा फोन नंबर घाला. रात्री तीनला लावला तरी उचलाल ना?

मोखाड्याची_सेविका
छपरावर असले तर उचलेन. खाली रेंज नाही.