मदत हवी आहे: मोसंबीवरचे रस शोषणारे पतंग, युडोसिमाच्या जाती कशा ओळखायच्या?

जालन्याकडच्या मोसंबीच्या बागेत अंधार पडल्यावर टॉर्च घेऊन फिरलो. पिकत आलेल्या फळांवर युडोसिमा बसलेले. पुढचे पंख वाळक्या पानासारखे, मागचे भडक नारिंगी. मागच्या पंखावर मधोमध गोल काळा ठिपका असलेला मटेर्ना, एवढं कळतं. पण वाकडा, मूत्रपिंडासारखा काळा डाग असेल तर तो फॅलोनिया की होमेना? नर-मादीचे पुढचे पंखही वेगळे, त्यामुळे गोंधळ वाढतो. जननेंद्रिय न तपासता फोटोवरून खात्रीने सांगता येईल का?

शिवाय जुन्या पुस्तकांत हे पतंग नॉक्टुइडी कुळात, आता एरेबिडी कुळात; नोंद नव्या कुळातच करतोय. बांधावर गुळवेल आणि वासनवेल आहे, अळ्या तिथेच वाढतात. अळीवरून जात ओळखणं सोपं पडेल का? जाणकारांनी कृपया सांगावं.