"४ लाखात आयुष्यभराची फोर बाय फोर" – कुठे मिळते, मलाही सांगा

घाटवाट
काल रानवाराने फोटो टाकला. महिंद्राची जुनी डिझेल जीप एमएम ५४०, फोर बाय फोर म्हणजे चारही चाकं ओढणारी, हिरवीगार, पुढे विंच (अडकलेली गाडी ओढायचा दोर), बॉनेटवर फावडं बांधलेलं, आणि खाली मजकूर की ४ लाखात मिळतेय, ११ हजार टोकन देऊन टाकलं, "नव्या थारवर १५ लाख उधळणाऱ्यांनो, जुनं ते सोनं, हिच्यात इलेक्ट्रॉनिक्सच नाही त्यामुळे बिघडायला काही नाहीच". खाली सगळ्यांचे बदाम. मी दोनदा लिहून खोडलं पण राहवत नाही.

"बिघडायला काही नाही" हे वाक्य ज्याने पाट्याचा (स्प्रिंगचा) बुश कधी बदलला नाही तोच लिहू शकतो. माझ्याकडे २०१३ ते २०१९ अशी सहा वर्षं ५४० होती. फलटणजवळून २ लाख ३० हजाराला आणली, रंग असा चकचकीत की त्यात तोंड बघून भांग पाडावा. पहिल्या पावसाळ्यात वरंधा घाटात पाय ओले व्हायला लागले म्हणून मॅट उचलली तर खाली थेट रस्ता पळताना दिसला. पत्रा नव्हताच, लांबी (खड्डे बुजवायची पुट्टी) भरून वर रंग मारला होता, काही ठिकाणी बोटभर जाड. मागच्या पाट्याच्या हँगरपाशी चॅसी (गाडीचा खालचा सांगाडा) पापडासारखी सुटत होती. स्टेअरिंग अर्धा हात फिरवल्यावर चाकाला बातमी पोचायची. किंगपिन, स्टेअरिंग बॉक्स, पंप-नोझल, ब्रेकचे सगळे सिलिंडर, रेडिएटर. दोन वर्षांत १ लाख ९० हजार गेले तोवर मी वहीत लिहीत होतो, मग ती वही बायकोला सापडली आणि मी लिहिणं बंद केलं.

जुनी जीप घेताना लोक आधी इंजिन बघतात तिथेच फसतात. इंजिन दुरुस्त होतं हो, प्यूजोच्या त्या २११२ सीसीवाल्याला अजून नाना पेठेत नाहीतर कुर्ल्याला काही ना काही मिळतंच. चॅसी आणि कागद मात्र दुरुस्त होत नाहीत. चॅसी नंबर स्वतः घासून वाच, इंजिन नंबर आरसीशी जुळव, पासिंग कधीपर्यंत आहे बघ (१५ वर्षांपुढच्या गाडीची रीपासिंगची फी २०२२ च्या एप्रिलपासून ६०० वरून ५००० झाली होती ती वेगळीच, एजंट वेगळा), बोजा (गाडीवरचं कर्ज) उतरलाय का बघ. खिशात लोहचुंबक ठेव, लांबीवर तो चिकटत नाही. आणि टोकन हे सगळं झाल्यावर द्यायचं असतं, आधी नाही.

रानवारा
नाव घेऊन धागा काढलात, आभारी आहे. तुम्ही रंग बघून घेतलीत आणि फसलात म्हणून जगातली प्रत्येक जीप सडकी होत नाही. मी गाडी दोन तास बघितली, मालकाने सेल मारला तर अर्ध्या फेऱ्यात स्टार्ट, धूर नाही, आवाज एकदम सुंदर. एक्स-आर्मी आहे, सगळं मेन्टेन्ड. आणि तुम्ही जी सेकंडहँड सीआरडीई (इलेक्ट्रॉनिक डिझेल इंजिनवाली) थार घेऊन फिरता तिचे इंजेक्टर गेले की काय बिल येतं तेही सांगा ना लोकांना.

घाटवाट
अर्ध्या फेऱ्यात स्टार्ट. बॉनेटला हात लावलास का तू पोचल्यावर? गरम होतं का? हे इंजिन डायरेक्ट इंजेक्शनचं नाही, थंडीत हीटर प्लग तापल्याशिवाय नीट उठत नाही. तू यायच्या आधी वीस मिनिटं चालवून ठेवलेली गाडी कुणीही अर्ध्या फेऱ्यात उठवेल, माझी आजीसुद्धा. चालू इंजिनवर ऑइलचं झाकण काढून धूर फुसफुसतो का बघितलंस? फुसफुसला तर इंजिन झिजलेलं.

सडाफटिंग
एक्स-आर्मी 😂 बाजारात प्रत्येक आंबा देवगडचा आणि प्रत्येक जीप एक्स-आर्मी. एवढ्या जीपा खरंच सैन्यात असत्या तर जवानांना चालायची वेळच आली नसती. सैन्याने ९० च्या दशकात जिप्सी घेतली, ती पेट्रोल. जबलपूरची जोंगा (सैन्याची जुनी गाडी) तीही मुळात पेट्रोलच, डिझेल इंजिनं लोकांनी नंतर कोंबली. ही तुझी डबवालीहून आलेली नाही ना एवढं बघ, तिकडे एका गाडीचे कागद, दुसरीची चॅसी आणि तिसरीचं इंजिन घालून अशी फर्मास जीप बनवून देतात की नवरदेव घोडा सोडून तीच मागतो.

कलम५२
मुद्द्याचं कुणी बोलतच नाहीये. फोटोतला रंग ऑलिव्ह ग्रीन आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम १२१ वाचा, तो रंग फक्त संरक्षण दलाच्या गाड्यांना. पुढचा बुलबार (बंपरवरचा लोखंडी पाइप) २०१७ च्या डिसेंबरपासून बेकायदा. मॉडिफिकेशनबद्दल सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट सांगितलंय की कंपनीच्या मूळ नोंदीत बसत नाही ते चालणार नाही. शिवाय २०१९ च्या एप्रिलआधीची गाडी म्हणजे नवी नंबरप्लेटही लावायची, आणि जुन्या जीपचा डेटा ऑनलाइन नसेल तर ती बुक करताना काय होतं ते मी स्वतः चार महिने भोगलंय, चॅसी नंबर टाकला की "रेकॉर्ड सापडले नाही", ऑफिसात गेलं की "ऑनलाइन करा".

सडाफटिंग
साहेब रंगावरून आत टाकणार का आता आम्हाला.

कलम५२
हसा. इन्शुरन्सवाल्याने क्लेम नाकारला की माझी आठवण काढा.

अण्णा_वडाप
मी लिहीत नाही जास्त, वाचतो फक्त. पण हे "क्लासिक क्लासिक" ऐकून डोकं फिरलं. अहो ज्याला तुम्ही क्लासिक म्हणताय ते आमचं वडाप व्हतं. माझी स्वतःची ५४० व्हती, सरकारी लिलावातली, मागची बॉडी वाढवून घेतलेली. १९९६ पासनं अकरा वर्षं गाव ते तालुका २२ किलोमीटर. आत चौदा, फाळक्यावर चार, टपावर कॉलेजची पोरं आणि मी स्वतः निम्मा भाईर, उजवा पाय पायरीवर, डाव्यानं क्लच. माझ्या मांडीला मांडी लावून जो बसायचा त्यालाच म्हणायचो जरा तिसरा टाक. असल्या गाडीला आता विंच आन फावडं बांधून ४ लाख? मी ती २००७ ला ६५ हजाराला दिली आन घेणारा म्हणत व्हता महाग पडली.

आणि त्यो फोर बाय फोर. पुढचं चाक फिरवणारा एक शाफ्ट चिखलात तुटला पहिल्याच साली. मिस्त्री म्हणला, दोन्ही काढून टाकू, डिझेलबी वाचंल, स्टेअरिंगबी हलकं हुईल, वडापला काय करायचंय. काढले. आतला फोर बाय फोरचा दांडा तसाच ठेवला, लोकांना बरं वाटतं.

लाल_डबा
हे बघा, हे असं अभिमानाने सांगतात. चौदा आत, चार फाळक्यावर. अहो त्या अवैध वाहतुकीने एसटीची वाट लावली. १ जून १९४८ ला पुणे-नगर पहिली गाडी सुटली तेव्हापासून जिने खेड्यापाड्यातून माणसं नेली तिच्या स्टँडसमोरूनच तुम्ही "चला तालुका तालुका" ओरडत प्रवासी पळवायचे. माझे वडील कंडक्टर होते, ३१ वर्षं. रिकामी गाडी घेऊन फेरी पूर्ण करायची आणि पुढे बघायचं तर जीप, तिच्या टपावर आपलेच पासधारक. पास काढलेला, तरी टपावर!

अण्णा_वडाप
पासधारक टपावर का बसत व्हता ते इचारा की त्याला. गावाला दिवसाला दोन गाड्या. बाई अडली रात्री तर कुणाच्या दारात यायचे? माझ्या. दोन पोरं माझ्या गाडीत जन्मल्यात, एक आता पोलिसात हाय. पैसं घेतलं नाहीत मी त्याचं.

लाल_डबा
आणि किती गाड्या उलटल्या तेही सांगा. आमच्या भागात एका जीपला अपघात झाला तर आतली माणसं मोजताना पोलिसांचा हिशेब लागेना. त्यावेळी विमा कुणाला मिळाला? कुणाला नाही. एसटीत तिकीट फाटलं की माणूस नोंदला गेला, तुमच्याकडे नोंद कुठे, फाळक्यावर?

अण्णा_वडाप
माझी एकदाबी उलटली नाही. तोंड सांभाळून बोला.

लाल_डबा
तुमचं व्यक्तिगत म्हणत नाहीये, धंद्याचं म्हणतोय.

अण्णा_वडाप
धंदा मीच करत व्हतो.

मीनल_न
तुम्ही दोघं भांडा, मला दोघांचंही पटतंय. मी तिसऱ्याच बाजूने सांगते. बाबा ८८ ते ९४ अक्कलकुवा तालुक्यात सरकारी डॉक्टर होते, मोलगीकडच्या घाटात त्यांना डिझेल जीप होती. लोकांना त्यात काय रोमँटिक वाटतं ते मला खरंच कळत नाही. मला आठवतो तो डिझेलचा वास, ताडपत्रीचा फडफड आवाज आणि ओकारी. पावसात ड्रायव्हरकाका खाली उतरून गुडघाभर चिखलात पुढची चाकं जोडायला हाताने त्यांचे हब फिरवायचे, मग आत येऊन छोटा दांडा ओढायचे, आणि गाडी बैलासारखी मान खाली घालून चढायची. ते मात्र खरं. चढायचीच. एकदा सलाइनच्या बाटल्या मांडीवर धरून मी आणि आई मागे बसलो होतो, एकही फुटली नाही याचं काकांना मरेपर्यंत कौतुक होतं.

तर मागच्या वर्षी नवऱ्याला अशीच हुक्की आली. जाहिरात बाबांना दाखवली, म्हटलं घेऊया का, आठवण म्हणून. ते चष्मा वर करून म्हणाले, "पाठ कुणाची, तुझी का त्याची?" विषय संपला.

सडाफटिंग
मीनलताई तुमच्या बाबांना दंडवत.
बाकी हा धागा जीप घेण्याबद्दल होता ना? महामंडळाची वार्षिक सभा कधी सुरू झाली?

लाल_डबा
विषय निघाला म्हणून बोललो. आणि आता बायकांना निम्मं तिकीट आहे २०२३ पासून, गाड्या भरून चालल्यात, बघा जाऊन.

रानवारा
मला एवढंच कळलं की इथे प्रत्येकाचं जीपशी जुनं वैर आहे. मी रस्त्यावर रोज चालवणार नाहीये, महिन्यातून दोनदा मावळात, कधी कोकणात. चूक झाली तरी गावातला कुठलाही मिस्त्री पान्हा-हातोडीवर खोलतो ती. सीआरडीईला लॅपटॉप लावणारा माणूस शोधत पुण्याला टो करून आणावी लागते, घाटवाट, तुम्हीच लिहिलं होतं हे मागे.

घाटवाट
लिहिलं होतं. ताम्हिणीतून टो करून आणली होती, साडेआठ हजार टोचे. मान्य, तेवढा एक मुद्दा तुझा, फ्रेम करून लाव. पण "कुठलाही मिस्त्री" हे आता राहिलं नाही रे. ज्यांना पंपाचा टायमिंग कानाने लागायचा ते साठी-सत्तरीचे झाले, त्यांची पोरं मोबाईलची दुकानं टाकून बसलीत. माझा मिस्त्री भोरचा, त्याने २०१८ ला गॅरेज बंद केलं, त्यानंतर वर्षभरात मी जीप विकली. खरं कारण तेच होतं, खर्च नंतरचा.

असो. अण्णांनी शाफ्टचं लिहिलंय ते परत वाच. रविवारी जाशील तेव्हा एकच कर. सपाट जागी मागच्या चाकांना दगड लाव, पुढचं एक चाक जॅकवर उचल. इंजिन बंद, गाडी पहिल्या गिअरमध्ये, फोर बाय फोरचा दांडा ओढलेला, लॉकिंग हब असतील तर दोन्ही लॉक. आता ते उचललेलं चाक हाताने फिरव. किरकोळ हललं आणि अडलं तर ठीक. गरगर फिरलं तर तू ४ लाखात दांडा विकत घेतोयस.

कलम५२
आणि रंगाचं बघा.

रानवारा
रविवारी जाऊन आलो. सगळं लिहितो, हसायचं ते हसून घ्या.

न सांगता सकाळी सातला गेलो, बॉनेट थंड. हीटर दिल्यावर तिसऱ्या सेलला उठली, पांढरा धूर थोडा, मग साफ. ऑइलच्या झाकणातून फार नाही. चुंबक पुढे सगळीकडे चिकटला, मागच्या डाव्या चाकाच्या वर नाही, तिथे वीतभर लांबी आहे. चॅसी चांगली, नंबर जुळले, रीपासिंग अजून तीन वर्षं. मालक म्हणाला बघा मी सांगत होतो. मग जॅक लावला. तुमच्या सांगण्याप्रमाणे सगळं केलं आणि चाक हाताने ढकललं. जत्रेतल्या चक्रीसारखं फिरलं. फिरतच राहिलं. मालक आणि मी दोघं त्याच्याकडे बघत उभे. तो म्हणतो, "हब लॉक झाला नसंल." परत लॉक केला. परत चक्री. मग दुसरी बाजू उचलली. तेच.

शेवटी ३ लाख ३५ ला दिली त्याने. हो, घेतली. बोलू नका.

घाटवाट
काही बोलत नाही. अभिनंदन. फोर बाय टू लखलाभ.

सडाफटिंग
मालकाला ६५ हजाराला पडली ना शेवटी ती चक्री. थोडक्यात सुटलास म्हणायचं का अडकलास तेच कळेना.

रानवारा
आता शाफ्ट शोधतोय. दोन्ही बाजूचे, जॉइंटसकट. कुणाकडे?

अण्णा_वडाप
माझे गोठ्यात पडल्यात, गोणपाटात गुंडाळून, ग्रीस लावून ठेवलेले. उजव्या बाजूचा तुटका, डावा साबूत हाय. डावा घेऊन जा. पैसं नकोत, फक्त चढावर फोटो काढून टाक, चिखलात.

रानवारा
अण्णा पाया पडतो. पत्ता मेसेज करा, येतोच.

लाल_डबा
एवढ्या लांब जायची गरज नाही. स्टँडवर पार्सल द्या, एसटीने दुसऱ्या दिवशी पोचतं. पावतीसकट.