मदत हवी आहे : मुलीचे नाव ‘सुरंगी’ ठेवण्यास सासू-सासऱ्यांचा विरोध

नमस्कार. आम्हांला यंदा होळीच्या दुसऱ्या दिवशी मुलगी झाली. ऐन शिमग्यात घरात सोयर, त्यामुळे मांडावर आमच्या घरचे कोणीच गेले नाही. बाळ सुखरूप आहे, मीही बरी आहे. अडले आहे ते फक्त नावाशी. बाराव्या दिवशी व्हायचे बारसे या घोळात राहून गेले आणि आता ते सव्वा महिना उलटल्यावर येणाऱ्या अक्षय्य तृतीयेला करायचे ठरले आहे. तोपर्यंत घरात कोणाचे मन न मोडता काही मार्ग निघावा, या इच्छेने हे लिहीत आहे.

माझे सासर मालवण तालुक्यात आणि माहेर वेंगुर्ले तालुक्यात, आसोलीजवळच्या एका वाडीत. सुरंगीच्या फुलांच्या वळेसरांसाठी, म्हणजे गजऱ्यांसाठी, आसोलीचे नाव घेतले जाते, हे त्या भागातल्या वाचकांना सांगायला नको. हंगामात माझे वडील पहाटेच झाडावर चढत, कारण ऊन वर आले की कळ्या उमलतात आणि मधमाश्यांमुळे फांदीला हात लावणे कठीण होते. ते खाली टाकत त्या कळ्या आम्ही भावंडे वेचत असू आणि आई ओटीवर बसून त्यांचे वळेसर ओवीत असे. आई जाऊन सहा वर्षे झाली. तिच्या ट्रंकेत एक सुकलेला वळेसर अजून आहे. पाकळ्यांचा पार भुगा झाला असला, तरी झाकण उघडले की वास येतो. पोटात बाळ होते तेव्हाच माझ्या यजमानांनी आपण होऊन म्हटले होते की, मुलगी झाली तर तिला सुरंगी म्हणू. म्हणजे हा एकट्या माझा हट्ट नाही, एवढे आधी स्पष्ट करते.

सासऱ्यांचे म्हणणे सरळ आहे. बाळाचा जन्म हस्त नक्षत्राच्या पहिल्या चरणावर झाला असून पंचांगाप्रमाणे अक्षर ‘पू’ येते, म्हणून नाव ‘पूर्वा’ असावे. हस्ताची चार अक्षरे पू, ष, ण आणि ठ अशी आहेत. बाळ आणखी काही तासांनी जन्माला आले असते, तर ‘ण’वरून सुरू होणारे नाव बाबांनी कोठून आणले असते, हे मी अद्याप त्यांना विचारलेले नाही. त्यांचा दुसरा आक्षेप त्यांच्याच शब्दांत असा : “झाडाचा नाव माणसाक कोण ठेवता?” त्यावर तुळस हे काय आहे, असे यजमानांनी विचारले आणि त्या दिवशी जेवणे अबोल झाली.

तरीही सासऱ्यांशी वाद घालता येतो, कारण ते बोलतात. सासूबाई बोलत नाहीत, आणि माझी खरी अडचण तीच आहे. आई नसल्यामुळे माझे बाळंतपण सासरीच झाले आणि ते सासूबाईंनी ज्या मायेने केले त्याला तोड नाही. पहाटे उठून अळिवाची खीर, बाळाला तेल, अंघोळीनंतर ओव्याची धुरी, रात्रीची जागरणे, यांपैकी कशातही त्यांनी मला आईची उणीव भासू दिली नाही. नावाविषयी मात्र त्या पहिल्या दिवशी एकदाच बोलल्या : “फुलाचा नाव नको गो बाय.” त्यानंतर मी बाळाला सुरंगी म्हणून हाक मारली की त्या कपड्यांच्या घड्या करू लागतात किंवा चुलीकडे निघून जातात. स्वतः त्या बाळाला ‘बाय’ म्हणतात आणि दुसरे कोणतेही नाव सुचवीत नाहीत, सासऱ्यांचे ‘पूर्वा’सुद्धा नाही.

गेल्या आठवड्यात वन्सं आल्या होत्या. त्यांनी मला मागच्या पडवीत नेऊन जे सांगितले, ते ऐकल्यापासून मला झोप नाही. सासूबाईंचे माहेरचे नाव शेवंती. लग्न होऊन त्या या घरात आल्या, तेव्हा येथे कामाला येणाऱ्या बाईंचे नावही शेवंतीच होते. एका घरात दोन शेवंती कशा चालतील, आणि फुलांची नावे कामाच्या बायकांची असतात, असे म्हणून त्यांच्या सासूबाईंनी ताटातल्या तांदळांवर अंगठीने दुसरे नाव लिहायला लावले. लग्नात नाव बदलण्याची रीत त्या काळी घरोघरी होती, त्यामुळे त्यात कोणाला काही वावगे वाटले नाही. मात्र माहेरची माणसे भेटायला आली आणि त्यांनी सवयीने ‘शेवंती’ अशी हाक मारली, की घरातले लोक हसत. पुढे सासूबाईंनीच माहेरी सांगून टाकले की मला त्या नावाने हाक मारू नका. वन्संना हे त्यांच्या मामीकडून कळले असून, आईला आपल्याला हे ठाऊक असल्याचे कळू देऊ नकोस, असे त्यांनी मला बजावले आहे.

आता मी काय करावे? हे ठाऊक असूनही न समजल्यासारखे दाखवून नाव रेटणे मला क्रूरपणाचे वाटते, आणि नाव सोडून द्यायचे तर आईच्या ओटीवरचा तो वास मी परत एकदा ट्रंकेत बंद करते आहे असे वाटते. ‘कागदावर पूर्वा लिहा आणि घरात सुरंगी म्हणा’ अशी तडजोड यजमानांनी सुचवली आहे. रुग्णालयातून जन्माची नोंद गेलेली आहे, पण नावाची जागा कोरी ठेवली आहे. ती किती दिवस कोरी ठेवता येते, याची माहितीही कोणी दिल्यास उपकार होतील.

पहिला प्रतिसाद

आधी कागदाचे पाहू, कारण त्याची घाई तुम्हांला वाटते तेवढी नाही. 1969च्या जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियमाप्रमाणे जन्माची खबर 21 दिवसांत द्यावी लागते आणि ती तुमच्या बाबतीत दिली गेली आहे. नाव नंतर घालता येते. नोंदणीपासून बारा महिन्यांपर्यंत त्याला शुल्क नाही आणि पुढे विलंब शुल्क भरून पंधरा वर्षांपर्यंत ते नोंदवता येते. त्यामुळे बारशाच्या दिवसाचा आणि दाखल्याचा संबंध जोडून घाबरून जाऊ नका.

दोन नावांच्या तडजोडीला मात्र माझा विरोध आहे. 1 ऑक्टोबर 2023 पासून लागू झालेल्या दुरुस्तीनंतर जन्मलेल्या मुलांसाठी शाळाप्रवेशापासून मतदारयादी, वाहन परवाना आणि विवाह नोंदणीपर्यंत जन्मदाखलाच पुरावा धरला जातो. दाखल्यावर जे असेल, तेच तिचे नाव होणार. पुढे ते बदलायचे झाले तर राजपत्राच्या फेऱ्या तिला स्वतःला माराव्या लागतील. आणखी एक गोष्ट. 1 मे 2024 पासून महाराष्ट्रात जन्मलेल्या बाळाच्या नावात आधी बाळाचे, मग आईचे, मग वडिलांचे नाव आणि शेवटी आडनाव असा क्रम आहे. बाळाच्या नावाला लागूनच तुमचे नाव येणार असल्यामुळे दोन्ही एकत्र मोठ्याने उच्चारून पाहा.

दुसरा प्रतिसाद

आमच्या घरात पौरोहित्य होते, म्हणून सासऱ्यांच्या बाजूने आणि तुमच्याही बाजूने एक सांगतो. शास्त्राने एकच नाव सांगितलेले नाही. देवतानाम, मासनाम, नक्षत्रनाम आणि व्यवहारनाम अशी चार नावे बाळाच्या कानात सांगण्याची पद्धत आहे. ‘पू’चे नाव नक्षत्रनाम म्हणून पत्रिकेत राहू द्या आणि सुरंगी हे व्यवहारनाम होऊ द्या. यात कोणाची फसवणूक नाही, कारण ही योजना मुळातलीच आहे. शिवाय गृह्यसूत्रांत मुलीच्या नावाची अक्षरे विषम असावीत असे म्हटले आहे. सुरंगीत तीन आहेत, पूर्वात दोन. हा हिशेब सासऱ्यांसमोर मांडायचा असल्यास यजमानांनी मांडावा, तुम्ही नव्हे.

तिसरा प्रतिसाद

नाव सुरेख आहे, परंतु मी दगडखाणींच्या गावात शाळेत शिकवते. मुले पहिल्याच दिवशी तिला ‘सुरुंग’ म्हणतील, याची मानसिक तयारी ठेवा.

चौथा प्रतिसाद

माझे वय एकाहत्तर असून माझेही नाव लग्नात बदलले होते. नणंदेने सांगितलेली गोष्ट सासूबाईंना मुळीच सांगू नका. आपल्या पाठीमागे पोरीबाळी आपल्यावर दया करतात, हे कळण्याइतके वाईट दुसरे काही नाही. पण साधे विचारायला काय हरकत आहे? ‘आई, तुमचे माहेरचे नाव काय?’ हा प्रश्न कोणतीही सून सासूला विचारू शकते. मला गेल्या पन्नास वर्षांत तो कोणी विचारलेला नाही. त्यांनी सांगितले नाही, तर पुन्हा विचारू नका.

धागा सुरू करणारीचे उत्तर

सर्वांचे मनापासून आभार. अक्षरांचा हिशेब यजमानांनी बाबांना सांगितला. बाबांनी बोटांवर दोनदा मोजून पाहिले आणि ‘बघूया’ म्हणाले. त्यांच्याकडून एवढे पुष्कळ झाले. ‘सुरुंग’चा विचार आम्ही केला नव्हता, हे कबूल करते.

चौथ्या प्रतिसादातला प्रश्न मी काल सकाळी विचारला. सासूबाई पाय पसरून बाळाला तेल लावीत होत्या. आधी त्या म्हणाल्या, “आता कित्याक ता?” मी पुढे काही बोलले नाही. बाळाची पाठ चोळून झाली, त्यांनी तिला उताणी केली, तेलाची वाटी बाजूला सरकवली आणि बाळाकडेच बघत म्हणाल्या, “शेवंती.” मी फक्त ‘छान आहे’ म्हटले. त्यावर त्या म्हणाल्या की त्यांच्या माहेरी विहिरीजवळ शेवंतीचा ताटवा होता, आणि मग पाणी तापले का ते बघायला मला पाठवले.

रात्री बाबांनी नेहमीप्रमाणे पंचांग काढले, तेव्हा स्वयंपाकघरातून आवाज आला, “ता मिटा आदी, जेवण थंड होता.” याचा अर्थ होकार असा मी लावलेला नाही. बाळाला त्या अजून ‘बाय’च म्हणतात. पण आज वडिलांनी माहेरून यंदाच्या हंगामातला शेवटचा वळेसर पाठवला, तो त्यांनी हातात घेऊन बराच वेळ पाहिला आणि बाळाच्या दुपट्यांच्या पेटीत ठेवून दिला. दाखल्यावरची जागा तूर्त कोरीच ठेवत आहे. अक्षय्य तृतीयेला आत्या म्हणून वन्सं कानात नाव सांगतील, आणि कोणते सांगायचे ते त्यांनी आदल्या रात्री सासूबाईंनाच विचारावे, असे मी त्यांना कळवले आहे.